नारूचा तर्जुमा

माझ्या तर्जुम्याबद्दल परभणीत एकाही माणसाची कधी तक्रार आलेली नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. दवाखान्याच्या दफ्तरात मी आरजी मुतर्जिम होतो, म्हणजे तात्पुरता भाषांतर करणारा, आणि इंग्रजीतले कागद उर्दूत नेऊन फायलीला लावायचे एवढंच माझं काम होतं. ते कागद पुढं कुणीच वाचत नसे, त्यामुळं तक्रार यायची सोयच नव्हती. अशी सुखाची नोकरी चालली असताना आमच्या डॉक्टरसाहेबांचं संशोधन पुरं झालं.

डॉक्टरसाहेब मूळचे हैदराबादचे, विलायतेला जाऊन आलेले, बोलायला अतिशय गोड. त्यांचा सगळा जीव नारूवर. नारू म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको. पायाला फोड येतो, फुटतो, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो, तो काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा आणि तोवर माणसानं खाटेवर पडून कण्हायचं. साहेबांनी तो आयुष्यात पहिल्यांदा परभणीला बदली झाल्यावर पाहिला, आणि माणूस पहिल्या नातवाकडं बघतो तसे ते त्याच्याकडं बघत राहिले. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कुठल्याही रोगाकडं मन लावून पाहिलं असं मला वाटत नाही.

संशोधनाचा निष्कर्ष अगदी सोपा होता. नारू झालेला माणूस पाणी भरायला बारवेत उतरतो. पायऱ्या उतरता उतरता पाय पाण्यात बुडाला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. ती पिल्लं पाण्यातला एक बारका जीव खातो, तो जीव दुसरा माणूस पाण्याबरोबर पिऊन टाकतो, आणि वर्षभरानं त्या दुसऱ्याच्या पायातून नारू बाहेर येतो. उपाय काय, तर पाणी जाड कापडाच्या घडीतून गाळून प्यायचं. संपलं. पण एवढं सांगायला साहेबांनी इंग्रजीत जाडजूड पोथी लिहिली होती, आणि तिच्यातल्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत वरचा मजकूर कितपत खरा मानावा याबद्दलच्या शंका दिलेल्या होत्या.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं की हे ज्ञान फायलीत पडून राहता कामा नये. अफसरांना उर्दूत सांगायचं, बाजारातल्या व्यापाऱ्यांना मराठीत, आणि शेतकऱ्यांना त्यांच्या गावात जाऊन, त्यांच्या बोलीत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक लफ्ज भी कम न हो, दिनकरराव. और एक लफ्ज भी ज्यादा न हो."

सुरुवात कोणत्या गावापासून करायची असं त्यांनी विचारल्यावर मी लगेच सावळगव्हाणचं नाव सांगितलं. यात माझा स्वार्थ होता. चारठाण्याच्या वाटेवरच्या या गावात माझी धाकटी बहीण नर्मदा दिलेली. ओळीनं दोन उन्हाळे तिला नारू निघाला होता. पेरणीच्या तोंडावर खाटेवर पडायचं, आणि घरात सासूचं नि शेतात नवऱ्याचं तोंड बघायचं. दुसऱ्या वेळी नारू मधेच तुटला, पाय सुजला आणि तिचा उजवा गुडघा जो आखडला तो पुरता सुटलाच नाही. गावच्या वैद्यानं सांगून ठेवलं होतं की आणखी एकदा असं झालं तर पाय कायमचा गेला म्हणून समजा. मी माझ्या मेहुण्यांना, भुजंगरावांना, पाणी गाळायचं आडून आडून सुचवून पाहिलं होतं. त्यावर ते म्हणाले होते की आमच्या पाच पिढ्या या बारवेचं पाणी पितात. आता हैदराबादचे डॉक्टर आणि त्यांची यंत्रं घेऊनच गेलो तर ऐकतील, अशी माझी वेडी आशा होती.

तर्जुमा करायला बसलो तेव्हा पहिला खडा त्या बारक्या जिवाच्या नावाशी लागला. साहेबांच्या पोथीत त्याचं नाव लॅटिनमध्ये होतं आणि ते मराठीत कुणाच्या तोंडी बसेना. मी त्याला 'पाणपिसू' केलं. आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लावून, धुरपताबाई राहत. त्यांना कुठल्याही विषयात मत होतं. मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायला लागलो की त्या निवडायचं सूप घेऊन पलीकडं बसत. त्या म्हणाल्या, पिसू म्हणू नका, लोकं म्हणतील अंथरूण उन्हात टाकलं की झालं. शिवाय नारूला हिंग-गुळाची गोळी असताना एवढी शाई कशाला वाया घालवता, असंही त्या म्हणाल्या. हा प्रश्न पुढं मलाही अनेकदा पडला.

दुसरी अडचण खुद्द साहेबांची होती. मी लिहिलं होतं, 'पाणी गाळून प्या, नारू होणार नाही.' साहेबांना मराठी बेताचंच येई, पण नकार बरोबर ओळखता येई. त्यांनी विचारलं, होणार नाही असं आपण कसं म्हणू शकतो? मी म्हटलं, पोथीत तसंच आहे. ते म्हणाले, पोथीत असं आहे की इम्कान कम हो जाता है. संभव कमी होतो. कापडाला भोक असेल, माणूस रानात दुसरं पाणी पीत असेल, आपण खुदा आहोत का? मग मी वाक्य बदलून लिहिलं, 'पाणी गाळून प्यायल्यास नारू होण्याचा संभव आमच्या मते बहुधा कमी होतो.' साहेब खूष झाले. धुरपताबाईंनी ते ऐकून विचारलं, "म्हंजे नक्की कुणालाच म्हाईत न्हाई का?"

अफसरांसमोरचं व्याख्यान तालुक्याच्या कचेरीत झालं. माझ्या उर्दूची तिथं तारीफ झाली, कारण निम्मं व्याख्यान हुजुरांना मुजरा आणि सरकारला दुवा देण्यात गेलं आणि उरलेल्या निम्म्यात त्यांना चहा आला. शेवटी कचेरीच्या मोठ्या साहेबांनी एकच सवाल केला. ते म्हणाले, सावळगव्हाणची बारव देवस्थानच्या इनामात येते, मग तिच्यातलं पाणी तपासायला त्या खात्याची मंजुरी घेतली आहे का? नव्हती घेतली. पाण्यात कुणाची मालकी असेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग अर्ज, अर्जावर शेरा, शेऱ्यावर खुलासा, असं करत करत मंजुरी आली तेव्हा उन्हाळा चांगला तापला होता. मंजुरी एक लोटा पाण्याची होती, आणि तपासणी झाल्यावर सदर पाणी जसंच्या तसं बारवेत परत जमा करावं अशी अट होती. मी हसलो. साहेबांनी मात्र अट दोनदा वाचली आणि म्हणाले की लोट्याला झाकण हवं.

सावळगव्हाणला आम्ही पोचलो ते मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं, मांडीवर खुर्दबीन घेऊन. खुर्दबीन म्हणजे बारकं मोठं करून दाखवणारं ते पितळी यंत्र. साहेबांनी ते वाटभर कुणाच्याच हाती दिलं नाही. गाव मारुतीच्या पारासमोर जमलेलं होतं. दुकानं बंद करून वाणी-व्यापारी आले होते. त्यांचे पुढारी मन्मथअप्पा, कापडाचं दुकान असलेले, गळ्यात लिंग, स्वभावानं इतके मऊ की गिऱ्हाइकाला नाही म्हणताना त्यांनाच वाईट वाटे. बायकांत नर्मदा बसली होती, उजवा पाय लुगड्याखाली झाकून. तिनं मला बघून पदर सारखा केला आणि नुसती मान हलवली. तिच्या शेजारी तिची सासू कडूबाई. भुजंगराव पुरुषांत पुढं, नवा पटका बांधून. मेहुणा सरकारी माणूस घेऊन आला याचा त्यांना अभिमानही होता आणि रागही होता.

बारवेतून मंजूर झालेला लोटा आणला. साहेबांनी काचेवर थेंब ठेवला, खुर्दबीन लावली, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, बोलवा. मी म्हटलं, या मंडळी, एकेकानं येऊन बघा.

गावाकडच्या माणसांत राहून वाढलेल्या माझ्यासारख्यानं 'एकेकानं' हा शब्द उच्चारायला नको होता. सावळगव्हाणला दोन पाटील होते, महसुलाचे माली पाटील आणि गावच्या बंदोबस्ताचे पोलीस पाटील, आणि पोळ्याला पहिला बैल कुणाचा यावरून त्यांच्या घरांत बापजाद्यांपासून बोलणं नव्हतं. आता पहिला डोळा कुणाचा, असा सवाल उभा राहिला. माली पाटील म्हणाले, पाणी जमिनीचं, जमीन माझ्याकडं. पोलीस पाटील म्हणाले, किडा हा चोर हाय, चोर माझ्याकडं. दोघांचंही म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. दोन्ही बाजूंची माणसं उठून उभी राहिली. साहेबांनी मला विचारलं काय चाललंय, तर मी सांगितलं की लोकांत जिज्ञासा उत्पन्न झाली आहे.

तोडगा काढला मन्मथअप्पांनी. ते म्हणाले की पहिला मान देवाचा, मग माणसांचं काय ते बघू. हे सगळ्यांना एकदम पटलं. गुरवानं हात धुऊन काच आणि खुर्दबीन दोन्ही उचललं, मारुतीसमोर नेऊन ठेवलं, शेंदूर लावला, नारळ फोडला. साहेब बाहेर बूट काढून अदबीनं उभे होते. त्यांनी हळूच विचारलं की ते आत कशासाठी नेलं. मी म्हटलं, नमुना आधी वरच्या अफसराकडं सादर करायचा इथला दस्तूर आहे. ही गोष्ट साहेबांना लगेच समजली. सरकारी नोकरीत त्यांची बरीच वर्षं गेली होती.

खुर्दबीन बाहेर आली तोवर थेंब सुकून गेला होता. देवाचं बघून झालेलं असल्यामुळं आता दोन्ही पाटलांचा नंबर खालचाच होता, म्हणून दोघं गप्प बसले, आणि नव्या थेंबावर गाव तुटून पडलं. डोळा लावला की माणूस आधी "कुठं हाय?" म्हणे आणि मग एकदम मागं सरके. मन्मथअप्पा फार वेळ बघत राहिले. डोळा काढला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "जीव हाय हो. हातपाय हलवायलाय." मला धन्य धन्य वाटलं. शास्त्र समजलं म्हणजे माणसाला असंच व्हायला पाहिजे, असं मी मनाशी म्हटलं.

मग व्याख्यान. साहेब एक वाक्य बोलत, मी त्याचं गावरान मराठी करी. साहेब म्हणाले, गालिबन, म्हणजे बहुधा. मी तो शब्द गाळला. त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, मैंने तीन बार गालिबन कहा, आपने एक बार भी नहीं कहा. मग मी तीन 'बहुधा' एकदम टाकले. भुजंगराव उठले. त्यांनी विचारलं की पाणी तर मीही तेच पितो, मग मला का नारू नाही? प्रश्न चोख होता. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी सांगितलं की प्रत्येक घोटात किडा असेलच असं नाही, असलेला प्रत्येक किडा रोगी असेलच असं नाही, त्यामुळं एका माणसाबद्दल शास्त्राला काहीच सांगता येत नाही, हजार माणसांबद्दल सांगता येतं. मी हे इमानानं, एक शब्द कमी-जास्त न करता सांगितलं. भुजंगराव गावाकडं वळून म्हणाले, बघा, त्यांना माझं एकट्याचं सांगता येईना आणि हजाराचं सांगायलेत. गाव हसलं.

कडूबाईंनी विचारलं की किडा पोटात गेला तर पोटाकडून निघावा, पायाकडून कसा? यावर साहेब बराच वेळ बोलले. त्यात आतडी होती, स्नायू होते, दोन जर्मन पंडितांचा वाद होता. सगळं ऐकून घेऊन मी कडूबाईंना म्हटलं, "त्याला पाण्यात पिल्लं सोडायची असतात. पाण्यात आधी पाय जातो." कडूबाई म्हणाल्या, मग शाणा हाय. साहेबांनी विचारलं, इतकंच? मी म्हटलं, मराठी भाषा फार आटोपशीर आहे.

सभा उठल्यावर अट पाळण्यासाठी लोट्यातलं उरलेलं पाणी साहेबांनी स्वतः बारवेत जमा केलं, सगळ्या गावासमोर, हलक्या हातानं. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

जेवायला मी नर्मदेच्या घरी. साहेबांचं सगळं त्यांच्यासोबतच्या डब्यात आणि सुरईत होतं. मी पाटावर बसलो आणि नर्मदेनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मी तांब्यात पाहिलं, पाणी स्वच्छ दिसत होतं. पण दुपारभर तेच पाणी मी खुर्दबिनीतून बघितलं होतं. माझ्या खिशात पंचा होता, घडी घातलेला. समोर भुजंगराव बसलेले, दारात कडूबाई उभ्या. बहिणीच्या घरी जाऊन, तिच्या नवऱ्यादेखत, तिच्या हातचं पाणी गाळून पिणारा भाऊ मी तरी पाहिलेला नाही. भुजंगराव माझ्या हाताकडं बघत म्हणाले, "प्या, मेव्हणे. का आमच्या घरच्या पाण्याला बी चाळण लावता?"

नर्मदा चुलीकडं तोंड करून बसली होती. भाकरी तव्यावर करपत होती, तरी ती उलटेना. मी तांब्या उचलला आणि प्यालो. भुजंगरावांच्या चेहऱ्यावरचं ऊन उतरलं, म्हणून आणखी एक तांब्या मागून घेऊन तोही प्यालो.

दोन-तीन महिन्यांनी मन्मथअप्पा काही खरेदीला परभणीला आले ते मुद्दाम माझ्याकडं उतरले आणि म्हणाले, तुमचं सगळं बाजारपेठेनं मनावर घेतलंय, येऊन बघा. मी उड्या मारत गेलो. खरोखरच प्रत्येक दुकानदाराच्या घरी घागरीच्या तोंडावर जाड मांजरपाटाची घडी होती. कापड अप्पांनी आपल्या दुकानातून खरेदीच्या भावानं दिलं होतं. मला गहिवरून आलं. मग संध्याकाळ झाली, आणि घरोघरच्या बायका त्या घड्या एकेका वाटीत हलकेच झटकून, वाट्या पदराखाली घेऊन, बारवेकडं निघाल्या. पुढं अप्पा. पायऱ्या उतरून, घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहून, प्रत्येकीनं वाटी पाण्यात हळूच उलटी केली.

मी अप्पांना विचारलं की हे काय. ते म्हणाले, गाळलेले जीव आहेत, त्यांच्या घरी पोचवायला नकोत का? मी म्हटलं, अप्पा, ते मारायचे असतात. अप्पांनी माझ्याकडं इतक्या दुखावलेल्या नजरेनं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "तुमी दाखवलं नसतं तर मेले असते बिचारे," ते म्हणाले. "आता डोळ्यानं बघितल्यावर कसं मारावं? आन् तुमच्या डॉक्टरसाहेबांनी बी लोटा परत सोडलाच की, सगळ्या गावासमोर." मंजुरीतल्या अटीचा तर्जुमा मी गावाला करून दिलेला नव्हता.

शेतकऱ्यांच्या घरी घड्या नव्हत्याच. भुजंगराव म्हणाले, ते दुकानदारांचं सोवळं आहे, त्यांना बसल्या जागी वेळ असतो. शिवाय दुकानदार आपल्या घागरीतले किडे वेचून वेचून आमच्या पाण्यात सोडतात अशी शेतकऱ्यांची तक्रार होती, आणि ती माली पाटलांकडं न्यायची की पोलीस पाटलांकडं, यावरून नवीन भांडण लागलं होतं. परत येऊन मी साहेबांना हे सगळं सांगितलं आणि म्हटलं की आपण व्याख्यान देऊन आधीपेक्षा वाईट करून ठेवलंय. साहेब मात्र उत्साहानं उठून येरझारा घालायला लागले. एकाच बारवेचं पाणी, अर्धं गाव गाळून पितंय, अर्धं न गाळता, असा प्रयोग मुद्दाम करायला गेलं तरी कुणी करू देणार नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, साहेब, न गाळणाऱ्या अर्ध्या गावात माझी बहीण आहे. साहेब थांबले आणि खाली बसले.

त्यानंतर मी नर्मदेला चोरून निरोप पाठवले. तिनं उलट सांगून पाठवलं की दादा, मला कळतंय, पण यांच्यापुढं घागरीला कापड बांधलं तर ते माझ्या भावानं यांना खोटं पाडल्यासारखं होतंय.

पुढचा उन्हाळा लागला आणि माझ्या डाव्या घोट्याजवळ एक फोड आला. जोडा चावला असेल म्हणून मी खोबरेल लावलं. फोड जळायला लागला, ताप भरला. धुरपताबाई भिंतीवरून वाकून म्हणाल्या, नारू हाय. मी त्यांना सांगितलं की मी दवाखान्याच्या दफ्तरात आहे, नारूवरचा अख्खा ग्रंथ मी तर्जुमा केलाय, मला नारू होणं शक्य नाही. त्या म्हणाल्या, हिंग देऊ का? तिसऱ्या दिवशी फोड फुटला आणि त्यानं डोकं काढलं.

दुखणं मी कसंही सोसलं असतं. पण दफ्तरात माझ्या रजेच्या अर्जावर शेरा आला की, सदर मुतर्जिमानं स्वतःच लिहून दिल्याप्रमाणं पाणी गाळून पिणाऱ्यास हा रोग बहुधा होत नाही, सबब हा रोग त्याच्या गाफीलपणाचा पुरावा असून रजा नामंजूर. माझ्या तर्जुम्याचा एवढा बारकाईनं विचार दफ्तरात पहिल्यांदाच झाला होता.

साहेब घरी आले, माझा पाय हातात घेऊन त्यांनी बघितला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माशाअल्लाह." मग ओशाळून त्यांनी तब्येत विचारली. परभणीत आम्ही सगळे आडाचं ओढलेलं पाणी पीत होतो. इथं नारू नव्हता. गेल्या उन्हाळ्यात बाहेर कुठं पाणी पिलात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. साहेब अगदी हळू म्हणाले की हा पाय सावळगव्हाणला न्यावा असं त्यांच्या मनात आहे, पण सांगायचा धीर होत नाही. तेवढ्यात आठवड्याच्या बाजारातून आलेल्या माणसाबरोबर निरोप आला की नर्मदेच्याही पायाला फोड धरलाय, त्याच गुडघ्याखाली. मी म्हटलं, साहेब, गाडी मागवा.

मला खाटेसकट मारुतीच्या पारासमोर ठेवलं. डावा पाय उघडा, घोट्याशी काडी, काडीला नारू गुंडाळलेला. ज्या जागी वर्षापूर्वी मी उभा राहून व्याख्यान दिलं होतं, तिथंच मी पडलो होतो, आणि माणसं एकामागून एक येऊन वाकून बघून जात होती. मानाचा सवाल कुणी काढला नाही. माझी अब्रू त्या दिवशी जेवढी उघड्यावर पडली तेवढी पुन्हा कधी पडू नये. मन्मथअप्पांनी जोरात सांगून टाकलं की औंदा दुकानदारांच्या घरात एकालाही नारू नाही. ही जिवांवर दया केल्याची पुण्याई आहे, असं त्यांचं मत होतं. साहेब त्यात दुरुस्ती सांगायला निघाले होते, पण मी त्यांना हातानं थांबवलं.

भुजंगराव सगळ्यांत शेवटी आले. पाय बघितला. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "गेल्या वर्साला पाणी कुठं प्यालात, मेव्हणे?"

कडूबाई समोर बसलेल्या, नर्मदा त्यांच्यामागं, भिंतीला धरून उभी, उजवा पाय जमिनीला न टेकवता. एवढ्या माणसांत त्यांच्या घराचं नाव घेतलं असतं तर तिला सासरी तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि नाही घेतलं तर एवढा किडा पायात बाळगून मी इथवर आलो कशाला? मी बारा महिने सत्य आणि साहेबांच्या शंका जपत आलेला माणूस. मी म्हटलं, "वाटेतल्या वढ्याला प्यालो."

नर्मदा भिंत सोडून पुढं आली. लंगडत, सगळ्या पुरुषांदेखत, डोईवरचा पदर घट्ट धरून.

"खोटं बोलू नको, दादा. माझ्या हातचं प्यालास. खिशात पंचा होता तुझ्या, मी बघितला. यांना वाईट वाटंल म्हणून काढला न्हाईस. दोन तांबे प्यालास."

मला रडू आलं. ते पायाच्या दुखण्याचं आहे असं लोकांनी समजावं म्हणून मी पायाकडं बघत राहिलो.

भुजंगरावांनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि पटका सोडायला लागले. भर पारावर, दोन्ही पाटलांदेखत, ज्या माणसाला मी झोपेतसुद्धा उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं तो फेरामागून फेर सोडत गेला. पाराजवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याची घागर भरलेली असे. तिच्यापाशी रिकामी घागर ठेवून त्यांनी तिच्या तोंडावर पटक्याची घडी धरली आणि बायकोला म्हणाले, "नरमदे, तू बस खाली. आजपस्नं पाणी मी आणीन." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मेव्हणे, वत्तो. आधी तुमी प्या."

पटका बरेच दिवस धुतलेला नव्हता. साहेबांनी तो बघितला आणि आधी कापड उकळायला पाहिजे असं सांगायला तोंड उघडलं, पण माझ्या चेहऱ्याकडं बघून मिटलं. पाणी गाळून झालं. मी खाटेवर उठून बसलो आणि भुजंगरावांच्या हातून तांब्याभर पाणी प्यालो. त्याला थोडा तेलाचा वास होता. नर्मदा माझ्या खाटेच्या कडेला टेकली आणि तिनं पहिल्यांदाच आपला पाय लांब केला.

साहेबांनी वाकून हळूच विचारलं, "क्या कहा इन्होंने?"

मी म्हटलं, "इम्कान कम हो गया, साहब."